बटणाला नाव पाहिजे

आजचा भाग नांदगाव खंडेश्वरवरून.

आमच्या तालुक्यातलं लोणी टाकळी म्हणजे गुलाबराव महाराजांचं जन्मगाव. जन्म 1881 चा. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली, आयुष्य मिळालं 34 वर्षांचं, तरी शंभरावर ग्रंथ केले. ते सांगायचे, दुसरे लिहून घ्यायचे. प्रज्ञाचक्षू म्हणून आपण हात जोडतो. पण आज गावातल्या एखाद्या अंध पोराला कामाचं काय शिकवायचं, हे विचारलं की सगळे गप्प.

पूर्वी ठरलेली कामं होती. खुर्च्या विणणं, मेणबत्त्या, खडू, नाहीतर टेलिफोन ऑपरेटर. ऑपरेटरची नोकरी चांगली होती, पण एक्स्चेंजच बदलले अन् ती गेली. आता जे काही आहे ते कॉम्प्युटरवर. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर स्क्रीन वाचून दाखवतं, फुकट आहे. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक तर आधीपासूनच असतं.

याचा उपयोग होतो का? माला पापळकरचं नाव ऐकलं असेल. जळगाव स्टेशनवर कचऱ्यात सापडलेली अंध मुलगी. अचलपूरकडच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी वाढवली, स्वतःचं नाव दिलं. अमरावतीत शिकली, ब्रेलवर अन् ऐकून अभ्यास केला, आणि 2024 मध्ये एमपीएससीतून लिपिक-टंकलेखक झाली.

आता आमच्या धंद्याचं बोलतो. टॉकबॅक चालू असलं की बोट उजवीकडे सरकवायचं, फोन पुढची गोष्ट वाचतो. दोनदा टकटक केलं की ती उघडते. पण बटणावर नुसतं चित्र असेल आणि डेव्हलपरने त्याला नाव दिलं नसेल, तर फोन नुसता 'बटण' म्हणतो. कुठलं बटण? पैसे पाठवायचं की रद्द करायचं? नाव द्यायला कोडमध्ये एक ओळ लागते. एकच! पण ते काम कायम 'पुढच्या रिलीजमध्ये'. मग वर्षभर कॉम्प्युटर शिकलेला माणूस यूपीआयचा पिन भाच्याला सांगतो. पगार त्याचा, पिन घरभर.

बँकेचं केवायसी तर विचारूच नका. कॅमेऱ्यात बघा, डोळे मिचकवा! काहून बा? ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि एक अंध वकील याच गोष्टीसाठी सुप्रीम कोर्टात गेले. 30 एप्रिल 2025 ला कोर्टाने सांगितलं, डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि केवायसीला डोळे मिचकवण्यावाचून दुसरा मार्ग द्या.

तुम्ही एक करा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक. बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा, नाहीतर फोन बडबडत बसेल अन् शिव्या मला. मग डोळे मिटून घरच्याच कोणाला दहा रुपये पाठवून बघा. जिथे अडकाल ते पान, ते बटण, त्या ॲपच्या रिव्ह्यूमध्ये मराठीत लिहा. तारे कमी झाले की आमच्या मीटिंगा लवकर लागतात.