पायाने बाराखडी



मी फिजिओथेरपिस्ट. बोरिवलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात बोरिवलीची फिजिओ बोलणार, म्हणजे क्रिकेटपटू रोहित शर्मा टळत नाही. काका-आजीआजोबांकडे राहून तो इथेच वाढला, प्रशिक्षक दिनेश लाड सरांच्या हाताखाली तयार झाला. त्याच्या एकदिवसीय सामन्यातल्या 264 धावा तुम्हाला पाठ आहेत, त्यामुळे मी त्याला एकही चेंडू खेळायला न मिळालेल्या सामन्याची गोष्ट सांगते.

6 फेब्रुवारी 2010, नागपूर, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी. जन्म नागपूरचा आणि कसोटी पदार्पणही तिथेच व्हायचं होतं. नाणेफेकीआधी सरावात फुटबॉल खेळताना ऋद्धिमान साहाशी टक्कर झाली आणि घोटा मुरगळला. त्याच्या जागी खेळला कोण? साहाच! तोही यष्टिरक्षक म्हणून नाही, निव्वळ फलंदाज म्हणून.

रोहितची पहिली कसोटी त्यानंतर पावणेचार वर्षांनी, नोव्हेंबर 2013 मध्ये. इतकी वर्षं घोटा दुखत नव्हता हो. घोटा आम्ही काही आठवड्यांत चालता करतो, पण गेलेली जागा परत आणायचं मशीन माझ्याकडे नाही. त्या पहिल्या कसोटीत ईडन गार्डन्सवर 83 धावांत पाच गडी गेले होते, तिथून त्याने 177 केल्या. पुढच्या कसोटीत वानखेडेवर नाबाद 111. पण त्या दिवसांत सगळे सचिनच्या निरोपाला आलेले, शतकाकडे लक्ष कुणाचं!

मग 2016 मध्ये मांडीची शस्त्रक्रिया, लंडनला. त्यातून सावरून डिसेंबर 2017 मध्ये मोहालीत एकदिवसीय सामन्यात नाबाद 208.

मला मात्र ढाक्याचा सामना जास्त आठवतो. 7 डिसेंबर 2022. स्लिपमध्ये झेल घेण्याच्या प्रयत्नात डाव्या हाताचा अंगठा निखळला. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या मुठीवर वर असतो. प्रत्येक फटक्याचा हादरा थेट त्या सांध्यात. तरी नवव्या क्रमांकावर येऊन 28 चेंडूंत नाबाद 51. शेवटच्या चेंडूवर सहा हव्या होत्या, झाल्या नाहीत. पाच धावांनी हरलो. फिजिओ म्हणून मी त्याला खेळू दिलं नसतं, आणि टीव्हीही बंद केला नसता.

माझ्याकडे येणारी मुलं पायाला बँडेज बांधायच्या आधीच विचारतात, "डॉक्टर, गाइल्स शील्डच्या क्रिकेट सामन्यांपर्यंत बरं होईल ना?" मी म्हणते, आधी पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी काढ. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी 'ख'लाच रडू येतं. एकाने तर मला चक्क विचारलं होतं, "इंग्रजीत काढू का? सव्वीसच अक्षरं आहेत."

असो. बक्षिसांची वेळ झाली. तिसऱ्या रांगेत कुबड्या घेऊन बसलेला तो मुलगा… हो, तूच. पायऱ्या चढू नकोस. तुझं बक्षीस घेऊन मीच खाली येते. येताना बाराखडी कुठवर आली ते विचारणार आहे.