भाईजानचा दिवस कसा गेला?



बौद्धिक अक्षमता असलेला भाऊ पस्तिशीचा झाला की पाहुणे त्याचे स्वच्छ कपडे बघून म्हणतात, ‘छान सांभाळलंय हो.’ कपड्यांवरून सांभाळ कळत नाही. इथे सटाण्यात कांदा काढणीला घर शेतात जातं, तेव्हा त्याच्या दाराला बाहेरून कडी असते का? त्याला आंघोळ कोण घालतं, आणि ते त्याला चालतं का? चहा हवा का, असं कोणी विचारतं? बोलता येत नसलं तरी एखादा माणूस आल्यावर तो आक्रसला, तर तेही सांगणंच असतं. अम्मीला विश्रांती कधी मिळते, हेही बघा. थकलेल्या एकट्या बाईला दोष देणं सोपं असतं.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अठरा वर्षांपुढच्या व्यक्तीसाठी पालक नेमते. त्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब मालमत्तेचा. भाईजानच्या दिवसाचा नाही. हेळसांड झाली तर पालक हटवण्यासाठी नातेवाईक अर्ज करू शकतात. पण त्यासाठी हेळसांड कुणाच्या तरी नजरेस पडायला हवी.

आज घरी गेल्यावर अम्मीजवळ बसा. गोळी किती वाजता, अंधाराची भीती वाटते का, कोणत्या हाकेला तो ओ देतो, सगळं वहीत उतरवून घ्या. सध्या ते फक्त तिलाच माहीत आहे.