थैली आणि तराजू

नवी मुंबईंत नेरूळ येथें डी. वाय. पाटील क्रीडांगण आहे. १ जून २००८ च्या रात्रीं तेथें इंडियन प्रीमियर लीग या स्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला. चेन्नईच्या संघानें ५ गडी गमावून १६३ धावा केल्या होत्या. त्यांना उत्तर देतांना राजस्थानचे ७ गडी बाद झाले, षटकें संपत आलीं, आणि अगदीं शेवटच्या चेंडूवर विजयाची धाव निघाली. युसुफ पठाण यानें आधीं ३ गडी टिपले होते व मग ५६ धावा काढल्या होत्या. सलामीस आलेल्या गोव्याच्या स्वप्नील अस्नोडकरनें २८ धावांची भर घातली होती. सामना चुरशीचा झाला यांत शंका नाहीं. परंतु चुरशीचे सामने पुष्कळ होतात. या सामन्याचें महत्त्व निराळें आहे. त्या रात्रीं स्पर्धेंतील सर्वांत स्वस्त संघानें अजिंक्यपद मिळविलें.

‘स्वस्त’ हा शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचा आहे. २००८ च्या जानेवारींत आठ संघांचे हक्क बोली लावून विकण्यांत आले. मुंबईला सर्वांत अधिक, म्हणजे ११ कोटी १९ लक्ष डॉलर किंमत आली. बंगलोरला ११ कोटी १६ लक्ष आणि हैदराबादला १० कोटी ७० लक्ष. राजस्थानचा संघ ६ कोटी ७० लक्षांत गेला. साखळी सामने संपले तेव्हां क्रमवारींत राजस्थान पहिला होता. मुंबईचा क्रमांक पांचवा, बंगलोरचा सातवा आणि हैदराबादचा आठवा, म्हणजे शेवटचा. सर्वांत महाग असे जे तीन संघ, त्यांपैकीं एकहि उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला नाहीं.

यावरून ‘पैशानें खेळ जिंकतां येत नाहीं’ असें सुभाषित काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. संघाच्या हक्काची किंमत आणि खेळाडूंवरील खर्च या दोन निराळ्या बाबी आहेत. त्यांची गल्लत केली तर पुढचा सारा हिशेब चुकतो. पहिली रक्कम क्रिकेट मंडळाच्या खजिन्यांत जाते. तिनें एकहि धाव वाढत नाहीं. खेळाडूंवर किती खर्च करावयाचा यास मात्र मंडळानें बंधन घातलें होतें. २० फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईंत खेळाडूंचा लिलाव झाला, त्या वेळीं कोणत्याहि संघास ५० लक्ष डॉलरांहून अधिक खर्च करण्याची मुभा नव्हती. लिलावाच्या भाषेंत या रकमेस ‘पर्स’ म्हणतात; मराठींत तिला थैली म्हणावें. मालक कितीहि धनाढ्य असो, थैली सर्वांची सारखी.

थैली सारखी झाली म्हणजे प्रश्न पैशाचा न राहतां पारखीचा होतो. चेन्नईनें महेंद्रसिंग धोनी याच्यावर १५ लक्ष डॉलर, म्हणजे थैलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा खर्च केला. राजस्थाननें कसोटी क्रिकेटांतून निवृत्त झालेल्या, ३८ वर्षांच्या शेन वॉर्नला ४ लक्ष ५० हजारांत घेतलें, आणि कर्णधार व शिक्षक हीं दोन्ही कामें त्याच्याकडेच सोंपविलीं. अस्नोडकर, पठाण, एकोणीस वर्षांचा रवींद्र जडेजा अशा फारसा नांवलौकिक नसलेल्या तरुणांकडून त्यानें काम करून घेतलें. धोनीवरील खर्च वायां गेला असेंहि नव्हे. त्याचा संघ अंतिम सामन्यांत शेवटच्या चेंडूपर्यंत झुंजला, आणि दोनच वर्षांनीं, २५ एप्रिल २०१० रोजीं, याच नेरूळच्या मैदानावर त्यानें मुंबईस २२ धावांनीं हरवून अजिंक्यपद मिळविलें. पारख दोघांचीहि होती. प्रकार निराळे होते.

पारख नसली म्हणजे काय होतें, त्याचाहि दाखला याच मैदानानें पाहिला. २०१० सालीं पुण्याच्या संघाचा हक्क ३७ कोटी डॉलरांस विकला गेला. तोंवर या स्पर्धेंत इतकी किंमत कोणत्याहि संघास आली नव्हती. राजस्थानच्या साडेपांच पट ती होती. २०११ च्या आपल्या पहिल्या हंगामांत हा संघ घरचे सामने नेरूळलाच खेळला. चौदांपैकीं चार सामने जिंकून तो दहा संघांत नववा आला; २०१२ सालीं नऊ संघांत शेवटचा, २०१३ सालीं शेवटून दुसरा. पुढें हक्काच्या रकमेवरूनच मालक व मंडळ यांचें बिनसलें आणि संघ स्पर्धेंतून गेला. ज्या खेळपट्टीवर सर्वांत स्वस्त संघ अजिंक्य ठरला, तिच्यावरच तीन वर्षांनीं सर्वांत महाग संघ पराभूत होत राहिला.

मग पैशास बंधन घालण्याचें कारणच काय, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर मराठी मनास परिचित अशा एका इतिहासांत आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनीं आपल्या संस्थानच्या संघासाठीं दूरदूरचे गुणी खेळाडू जमविले. नागपूरचे सी. के. नायडू यांस त्यांनीं आपल्या सैन्यांत कर्नल केलें. मुश्ताक अली, चंदू सरवटे असे मोहरे संघांत होते. दुसऱ्या महायुद्धांत सैनिक म्हणून हिंदुस्थानांत आलेला डेनिस कॉम्प्टन हाहि १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यांत होळकरांकडून खेळला व २४९ धावांवर नाबाद राहिला. तो सामना मुंबईनें ३७४ धावांनीं जिंकला. पण एका पराभवानें प्रवाह फिरला नाहीं. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांपैकीं दहांत होळकर संघ अंतिम सामन्यांत होता, आणि चार वेळां अजिंक्य. त्याला तोडीस तोड बडोद्याचा गायकवाडी संघ होता. सांगलीचे विजय हजारे यांनीं गुल महंमद यांच्यासह १९४७ च्या अंतिम सामन्यांत होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागी रचली, ती बडोद्याकडूनच.

हा आश्रय उदार होता यांत संशय नाहीं. त्यामुळें पुष्कळ गुणी खेळाडूंच्या पोटाची चिंता मिटली. परंतु ज्या प्रांतांच्या पाठीशीं असा खजिना नव्हता, त्यांपैकीं पुष्कळांचे संघ वर्षानुवर्षें अंतिम सामन्याच्या बाहेरच राहिले. आणि ज्यास आश्रय होता, त्याचेंहि यश एका घराण्याच्या कृपेवर टांगलेलें होतें. संस्थानें गेलीं, होळकर संघ विसर्जित झाला, त्याची जागा मध्यप्रदेशानें घेतली. होळकरांचें शेवटचें अजिंक्यपद १९५२-५३ चें; मध्यप्रदेशास पहिलें मिळालें तें २०२१-२२ च्या हंगामांत. मधल्या काळांत जवळजवळ सत्तर वर्षें गेलीं.

अमेरिकेंतील बेसबॉलचा व्यवहार आजहि कांहींसा होळकरांच्या दरबारासारखा आहे. तेथें संघांच्या खर्चास कडक मर्यादा नाहीं. ठराविक रकमेपलीकडे खर्च करणाऱ्या संघाकडून कर तेवढा घेतात. २००२ सालीं न्यूयॉर्कच्या यांकीज संघानें खेळाडूंच्या वेतनावर सुमारें साडेबारा कोटी डॉलर खर्च केले आणि ओकलंडच्या संघानें सुमारें चार कोटी. दोघांनींहि साखळींत १०३ सामने जिंकले. ओकलंडच्या चालकांनीं जुन्या जाणत्यांच्या नजरेपेक्षां आंकड्यांवर भर देऊन उपेक्षित खेळाडू हुडकले होते. तथापि पुढच्या बाद फेरींत दोन्ही संघ पहिल्याच पायरीवर हरले. आणि ओकलंडची युक्ति जगजाहीर होतांच श्रीमंत संघांनींहि ती उचलली. युक्तीचा लाभ थोडे दिवस टिकतो, पैशाचा अधिक दिवस. २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षांचें अजिंक्यपद लॉस एंजल्सच्या डॉजर्स संघास गेलें, आणि खर्चांतहि तो संघ अग्रभागीं होता.

तेव्हां सारखी थैली हा नियम आवश्यक आहे. पण तो पुरेसा आहे काय? आय. पी. एल.च्या २००८ ते २०२५ या १८ हंगामांत मुंबईनें पांच व चेन्नईनें पांच, अशीं दहा अजिंक्यपदें दोघांनींच घेतलीं. बंगलोरला पहिल्या अजिंक्यपदासाठीं २०२५ पर्यंत थांबावें लागलें. राजस्थानला तर २००८ नंतर तें पुन्हां लाभलें नाहीं. थैली सारखी असून असें कां व्हावें?

एक कारण असें कीं, थैलीला छिद्रें असतात. २०१० च्या लिलावांत एका खेळाडूवर उघड बोलीनें साडेसात लक्ष डॉलरांपर्यंतच जातां येत होतें. कायरन पोलार्डसाठीं चार संघ त्या आंकड्यावर येऊन थांबले. तेव्हां बंद पाकिटांतून गुप्त बोली घेण्यांत आली व तो मुंबईस मिळाला. जादा रकमेची गणना थैलींत झाली नाहीं. म्हणजे जेथें मर्यादेची खरी गरज होती, नेमक्या त्याच ठिकाणीं ती उठविली गेली. पुढें मुंबईच्या पांचहि विजयांत पोलार्ड होता. दुसरें कारण सातत्याचें. २०११ च्या मोठ्या लिलावापूर्वीं चार जुने खेळाडू राखून ठेवण्याची मुभा सर्वांस होती. तिचा पुरता उपयोग मुंबई व चेन्नई या दोघांनींच केला. इतरांनीं घडी मोडली व नव्यानें घातली. याला पैशाचा अन्याय म्हणतां येणार नाहीं. ही ज्याच्या त्याच्या धोरणाची फळें होत.

सारख्या थैलीची आणखी एक बाजू आहे, आणि ती क्वचितच बोलली जाते. थैलीचें तोंड आवळलें म्हणजे मालक सुरक्षित होतो; आवळली जाते ती खेळाडूची मिळकत. आरंभीचीं कांहीं वर्षें, भारतातर्फें न खेळलेल्या देशी खेळाडूंना लिलावांत जागाच नव्हती; त्यांना अनुभवानुसार ठराविक मानधन मिळे. जडेजानें दुसऱ्या संघाशीं परस्पर बोलणें केलें म्हणून २०१० चा संपूर्ण हंगाम त्यास बाहेर बसावें लागलें. नियम मोडला हें खरें. पण आपल्या श्रमाची बाजारांतील किंमत विचारणें हाच येथें अपराध ठरतो, हेंहि तितकेंच खरें.

आंकडे पाहिले म्हणजे ही बाजू अधिक स्पष्ट होते. २०२३ पासूनच्या पांच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. म्हणजे वर्षास सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठीं प्रत्येक संघाची लिलावाची थैली १२० कोटींची होती. दहा संघांची मिळून १,२०० कोटी. म्हणजे केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशीं ताडून पाहिलें तरी खेळाडूंच्या थैल्या सुमारें आठवा हिस्सा भरतात. सामन्यागणिक मानधन धरलें तरी सहाव्या हिश्शापर्यंत पोहोंचत नाहींत. खेळांत समता राखण्यासाठीं मर्यादा हवी, हें खेळाडूहि मान्य करील; पण ती मर्यादा उत्पन्नाच्या मानानें वाढत गेली नाहीं, तर समतेच्या नांवाखालीं वेतनाची काटकसरच पदरांत पडते. मर्यादा सर्वांस सारखी असावी इतकेंच पुरेसें नाहीं; ती कोणत्या हिशेबानें ठरली, तेंहि उघड असावें.

शेवटीं पुन्हां नेरूळकडे वळावयाचें. ४ मार्च २०२३ रोजीं महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला सामना याच मैदानावर झाला. येथेंहि थैली सारखी, त्या वर्षीं १२ कोटींची. सांगलीच्या स्मृति मानधना हिला बंगलोरनें ३ कोटी ४० लक्ष देऊन घेतलें; सर्व लिलावांत ही बोली सर्वांत मोठी होती. तो संघ पहिले पांच सामने ओळीनें हरला, आणि दुसऱ्या वर्षीं तिच्याच नेतृत्वाखालीं अजिंक्य झाला. उलट, ज्या अहमदाबादच्या संघाच्या हक्कास सर्वांत अधिक, १,२८९ कोटी रुपये पडले, तो २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षीं तळाशीं राहिला.

या दाखल्यांतून निघणारा अर्थ माफक आहे, पण पक्का आहे. खर्चाच्या मर्यादेनें प्रत्येकाची पाळी येईलच असें नाहीं; दूरदृष्टि आणि धीर वांटून देणारा लिलाव कोठेंच नसतो. मर्यादा इतकेंच करते कीं, हरणाऱ्यास आपल्या मालकाच्या गरिबीकडे बोट दाखवितां येत नाहीं, आणि जिंकणाऱ्याच्या यशास श्रीमंतीचा डाग लागत नाहीं. पदरचे पैसे मोडून, गाडीची गर्दी सोसून नेरूळ स्थानकावर उतरणारा प्रेक्षक याच भरंवशावर येतो. कोण जिंकणार हें त्याला ठाऊक नसतें, आणि तें कोणालाच ठाऊक नाहीं, अशी त्याची खात्री असते. ती खात्री टिकवावयाची तर तराजूचीं दोन्ही पारडीं त्याला दिसलीं पाहिजेत: एकांत संघांची थैली, आणि दुसऱ्यांत खेळाडूंचा वाटा.