सर्किट आणि प्रोग्रॅम : एकाच पदवीचे दोन हात

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला एक जण उभा असला तरी हे बोलणे आम्हा तिघांचे आहे. आम्ही तिघेही बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळांतून दहावी झालो. २००८ साली एकाच वर्गात इंजिनिअरिंगला बसलो आणि २०१२ साली पदवी घेऊन बाहेर पडलो. आज आमच्यातला एक उद्यमबागेत कंट्रोल पॅनेल बनवतो, दुसरा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि तिसरी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. दरवर्षी मे-जून महिन्यात आमच्या घरी पालक येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "पोराला इलेक्ट्रॉनिक्स द्यावे की आयटी?" आज त्याचे उत्तर सर्वांसमक्ष देण्याची संधी मंडळाने दिली, त्याबद्दल आभारी आहोत.

आमचे उत्तर असे की, शक्य असेल तर दोन्हींचा मेळ असलेली पदवी निवडा आणि एकदा निवडली की त्यातला कोणताही अर्धा भाग टाकू नका. हे का म्हणतो ते आपल्याच शेतातल्या उदाहरणाने सांगतो.

आपल्याकडे थ्री-फेज करंट कधी रात्री येतो, कधी पहाटे. पूर्वी घरातला माणूस बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर जाई. आता कित्येकांकडे मोबाईलवर चालणारा स्टार्टर आहे. फोन लावला की मोटार सुरू होते. त्या डब्यात काय असते? तीन फेज आहेत की नाही हे तपासणारे सर्किट असते. विहिरीतले पाणी तुटले की मोटारीचा करंट उतरतो, तो मोजणारा सेन्सर असतो. हे झाले इलेक्ट्रॉनिक्स. आलेला फोन मालकाचाच आहे का, करंट आल्यावर किती वेळ थांबायचे, कोणता निरोप पाठवायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम असतो. हे झाले माहिती तंत्रज्ञान. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तो एकच डबा आहे. तो चालतो किंवा चालत नाही.

शेवटच्या वर्षी आम्ही तिघांनी असाच स्टार्टर प्रोजेक्ट म्हणून केला. परीक्षेला आठ दिवस उरले असताना गंमत सुरू झाली. मोटार बंद करायचा आदेश दिला की ती बंद व्हायची आणि लगेच आपोआप पुन्हा सुरू व्हायची. आम्ही चार दिवस आणि चार रात्री प्रोग्रॅम तपासला. एकेक ओळ वाचली, पण चूक सापडेना. एकमेकांशी बोलणेही बंद झाले. पाचव्या दिवशी आमच्यातल्या तिसरीने प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि सर्किट हातात घेतले. रिलेच्या कॉइलमधला करंट अचानक तुटला की उलट दिशेने व्होल्टेजचा मोठा झटका बसतो. तो शमवण्यासाठी कॉइलवर एक डायोड लावायचा असतो आणि आम्ही तोच विसरलो होतो. त्या झटक्याने मायक्रोकंट्रोलर दरवेळी नव्याने सुरू होत होता आणि करंट आहे असे पाहून मोटार पुन्हा चालू करत होता. प्रोग्रॅम निर्दोष होता. एक-दोन रुपयांच्या डायोडने प्रोजेक्ट वाचला. चार वर्षांत आम्ही जे शिकलो त्याचे सार त्या पाचव्या दिवशी कळले. सर्किट न कळणारा माणूस प्रोग्रॅमला दोष देत बसतो आणि प्रोग्रॅम न कळणारा सर्किटला.

मित्रहो, ही दोन शास्त्रे मुळातच सख्खी भावंडे आहेत. १९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या एम.एस.च्या प्रबंधात दाखवून दिले की, जॉर्ज बूल यांचे खरे-खोट्याचे बीजगणित रिलेच्या सर्किटने प्रत्यक्षात उतरवता येते. स्विच चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. पुढे १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि १९७१ साली इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या फोनच्या चिपमध्ये ते अब्जावधी असतात, पण तत्त्व तेच आहे.

आपल्या मराठीचाही याच्याशी संबंध आहे. संगणकावर देवनागरी उमटवणे एके काळी अवघड होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान आले, तेव्हा ते संगणकात बसवायच्या कार्डाच्या रूपातही मिळत असे. म्हणजे लिपीचे ज्ञान, प्रोग्रॅम आणि सर्किट एकाच कार्डावर नांदत होते. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला जागा मिळाली. आपण आज मोबाईलवर मराठीत निरोप पाठवतो त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत.

आता पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. पदवीच्या नावावर जाऊ नका. कुठे इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन असते, कुठे इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर, तर कुठे आणखी काही. आठही सेमिस्टरचा अभ्यासक्रम मागून घ्या. एका बाजूला सर्किट, सिग्नल, मायक्रोकंट्रोलर आणि दुसऱ्या बाजूला डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे दोन्ही आहेत का ते पाहा. प्रयोगशाळेत जाऊन एका ऑसिलोस्कोपमागे किती मुले बसतात ते मोजा. आम्ही जिथे शिकलो तिथे एकामागे आठ बसत आणि बटणाला हात लावायला मिळावा म्हणून आम्ही लवकर जात असू. नॅकचा दर्जा संपूर्ण कॉलेजचा असतो आणि एनबीएची मान्यता त्या-त्या शाखेची असते. तुमच्या शाखेला ती आहे का, हे विचारा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला येण्याचा मार्गही आहे आणि तो कमी प्रतीचा नाही. हाताने काम करण्याची सवय त्याच मुलांना अधिक असते.

नोकरीच्या लाटेवर शाखा ठरवू नका. आम्ही प्रवेश घेतला त्या २००८ साली मंदी आली आणि घरचे म्हणू लागले, आयटी नको. आम्ही बाहेर पडेपर्यंत तेच लोक उलटे बोलू लागले होते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिपनिर्मितीसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, म्हणून आता सगळे इलेक्ट्रॉनिक्सकडे वळू पाहत आहेत. लाटा येतात आणि जातात. दोन्ही हात शाबूत असलेला माणूस तरतो.

आता जे बोलायचे आहे ते थोडे कडू आहे. आमच्या दहावीच्या वर्गातून सात जण विज्ञान शाखेला गेले. पदवीपर्यंत आम्ही तिघेच पोहोचलो. बाकीचे चौघे आमच्यापेक्षा हुशार नव्हते असे नाही. पीयूसीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी 'पोटेन्शियल डिफरन्स' म्हणजे काय, असे विचारले आणि आम्ही सातही जण खाली मान घालून बसलो. विभवांतर आम्हाला पाठ होते! त्यावरची गणिते आम्ही दहावीत सोडवली होती. ज्ञान होते, पण त्याचे नाव बदलले होते. नापास होण्याच्या भीतीपेक्षा त्या गप्प बसण्यानेच आमच्या मित्रांना घरी पाठवले.

घटनेच्या कलम ३५० अ ने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली आहे. ती नीट मिळावी म्हणून आपण झगडतो आणि झगडलेच पाहिजे. पण दहावीनंतर मूल ज्या खड्ड्यापाशी उभे राहते, तिथे पूल बांधणे हे आपलेही काम आहे. २०२१ पासून जेईई मेन मराठीतूनही देता येते. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत आणि त्यांतल्या काहींची मराठी भाषांतरेही आहेत. साधने आहेत, ती मुलाच्या हाती देणारा माणूस हवा आहे.

कन्नडबद्दलही मोकळेपणाने सांगतो. आपल्याच गावातल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आता कन्नड न येणाऱ्यांसाठी व्यवहारातल्या कन्नडचा वेगळा विषय असतो. मुलांनो, तो मन लावून शिका. आमच्यातला एक रोज कन्नड बोलणाऱ्या कामगारांबरोबर पॅनेल जोडतो आणि घरी येऊन मुलीला मराठी वाचायला शिकवतो. दुसऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा कमी होत नाही. आपल्या भाषेची लाज वाटली तर मात्र ती कमी होते.

मंडळाला एक नम्र विनंती आहे. शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र जरूर द्या. पण ज्याला आज नव्वद टक्के मिळाले तो येत्या डिसेंबरात पीयूसीच्या सहामाहीत नापास झाला, तर त्याच्या घरी कोण जाणार? त्याची यादी आपण कधी केली आहे का? आम्ही तिघांनी ठरवले आहे की, पुढच्या रविवारपासून सकाळी नऊ ते अकरा मंडळाच्या वाचनालयात बसायचे. पहिले दोन महिने फक्त शब्द जोडायचे. रोध म्हणजे रेझिस्टन्स, अर्धवाहक म्हणजे सेमीकंडक्टर, विभवांतर म्हणजे पोटेन्शियल डिफरन्स. पुण्यात असलेला मित्र महिन्यातून एकदा येईल. शिकवण्याची फी नाही. सोल्डरिंगची तीन यंत्रे आम्ही आणतो. मंडळाने एक खोली, एक फळा आणि पंधरा खुर्च्या द्याव्यात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही फक्त एक करा. वर्गात एखादा शब्द कळला नाही तर हात वर करा. आम्ही केला नव्हता.