हातोडी कुणाच्या हातात?

(चँडलर, ॲरिझोना येथील मराठी मंडळींच्या वसंतातल्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिकडे ती भर उन्हाळ्यातही चालते. आपल्याला मात्र मार्चमध्येच उरकावं लागतं, कारण इथं मे-जूनमध्ये वक्त्याला घराबाहेर काढलं तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागेल. (हशा) पत्रिकेवर विषय छापलाय, 'खासगी संगीत शिक्षक आणि त्यांच्या पद्धती'. विषय तुमचा आहे. पण मी शेवटी कुठं जाऊन पोचणार, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. तिसऱ्या रांगेतल्या वहिनी आत्तापासूनच हसताहेत.

तर पद्धती. एक गुरुगृही राहून, पाणी भरून शिकण्याची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्यासाठी किती वणवण फिरले, ते तुम्ही वाचलेलं आहे. दुसरी विष्णु दिगंबर पलुसकरांची. ५ मे १९०१, लाहोर, गांधर्व महाविद्यालय. वर्ग, तास, पुस्तक, परीक्षा. आपली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका करत विशारदकडे जातात ती त्याच जिन्यानं. तिसरी जपानच्या सुझुकींची, तिच्याकडे वेळ उरला तर येतो. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, म्हणून पुढं सरकतो.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याला आपलं वाद्य आपल्या हातानं लावता येत नाही, त्याचं शिक्षण अजून सुरूच झालेलं नाही. शिक्षक कुठल्या पद्धतीचा, ते मी विचारत नाही. तबल्याच्या तासाला सूर लावायची हातोडी कुणाच्या हातात असते, तेवढं बघतो.

हे मी चँडलरमध्येच का सांगतोय? पुण्याला पावसाळ्यात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडते, सूर उतरतो. इथं उलटं. कोरड्या हवेत चामडं आखडतं, सूर चढतो. सकाळी काळी एकच्या सुराला लावलेला तबला संध्याकाळी भलतीकडेच बोलतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस दुपारचा पारा रोज ११० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ४३ सेल्सिअसला, किंवा त्याच्याही वर गेला, आठवतंय ना? त्या दिवसांत कुणी तबला गाडीच्या डिकीत विसरला असेल, तर त्यानं आत्ता हात वर करू नये. (हशा) सांगायचं एवढंच, की इथली हवा रोज तुमचं वाद्य बिघडवते. शिकवायला याहून चांगली हवा नाही.

माझ्याकडे गॅरेजमध्ये एक अकरा वर्षांचा मुलगा येतो. परवा तबल्याशेजारी फोन ठेवून ठोकत होता. थोड्या वेळानं ओरडला, "काका, हिरवा झाला!" ॲपचा काटा हिरव्यावर आला होता. मी तबला जरा फिरवला आणि म्हटलं, आता इथं वाजव. काटा लाल. अजून फिरवला, पिवळा. दायाँच्या, म्हणजे उजव्या तबल्याच्या, पुडीला काठाशी सोळा घरं, सूर जुळवायच्या सोळा जागा. त्यानं एकच लावलं होतं, बाकीची पंधरा आपापल्या मतावर ठाम होती. आपल्या मंडळाच्या सभेसारखी. (हशा) फोनला विचारलं त्याचं उत्तर फोन देतो. समोरचं घर उतरलंय का, हे विचारायचं कानाला सुचावं लागतं.

मला हे शिकवलं ते माझे तबल्याचे मास्तर मिरजेचे. माझं वय दहा, साल १९७०. मिरज म्हटल्यावर तुम्हाला सतारमेकर गल्ली आठवणार. फरीदसाहेब शिकलगार, तलवारींना धार लावणारं घराणं, ते तंबोऱ्याकडे कसं वळलं, पंढरपूरकडचे भोपळे तिथं कसे येतात, ती सगळी कथा मी आज सांगत नाही. मास्तरांची खोली दर्ग्याच्या बाजूला. मी जायचो, ते लावलेला तबला पुढं घ्यायचे, पट्ट्यांखालचे दोन-तीन लाकडी गठ्ठे मुद्दाम वर सरकवायचे, म्हणायचे, "लाव," आणि चहाला निघून जायचे. चार महिने माझी तालीम ही. घरी आई विचारायची, आज काय शिकलास? मी म्हणायचो, ठोकाठोक. ती म्हणायची, मग सुताराकडेच घालते, पगार तरी मिळेल.

एके दिवशी रागाच्या भरात हातोडी पुडीच्या विणलेल्या काठावर, गजऱ्यावर, बसायची ती सटकून पुडीवर बसली. चर्रकन आवाज झाला. शनिवारी मास्तरांना भजनाला साथ होती आणि तबला तोच. मी दाराकडे बघत बसलो. मास्तर आले, त्यांनी पुडीवरून बोट फिरवलं, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तबला माझ्या डोक्यावर देऊन त्यांनी मला पुडीवाल्याकडे पाठवलं. "शाई होईपर्यंत उठायचं नाही."

दिवसभर बसलो. तुम्ही पुडीच्या मधोमध शाई घालताना पाहिलीय? भाताची खळ आणि लोखंडाची भुकटी यांचा काळा लगदा. त्याचा पातळ थर द्यायचा आणि गुळगुळीत दगडानं घासायचं. घासून घासून वाळला, की पुढचा थर, आधीच्याहून जरा लहान. मला वाटलं, गुळगुळीत करताहेत. पुडीवाल्या बाबांनी माझं बोट धरून शाईवर टेकवलं. भेगा! केसाहून बारीक भेगांचं जाळं. ते म्हणाले, "अख्खी राहिली तर ठप्प वाजंल. फुटली म्हणून गाती." दर थरानंतर ते एक टिचकी मारायचे आणि ऐकायचे. माझ्याकडे बघून भुवई उडवायचे, म्हणजे मीही ऐकायचं. चौथ्या-पाचव्या थराला मला कळलं, आवाज गोळा होतोय. तोवर पसरट होता, आता त्याला नाक-डोळे फुटताहेत. तेच चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली विज्ञानाच्या भाषेत लिहिलं, की मधल्या त्या जड काळ्या शाईमुळे पुडीचे वरचे स्वर मूळ स्वराशी नातं जोडतात. साध्या ढोलात ते सैरावैरा पळतात. माझ्या पुडीवाल्यानं रामन वाचले नव्हते. रामननी मात्र पुडी नीट ऐकली होती.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं? मला वाटलं, मिरजेला जाऊन आत्ताच तर परतलो! (हशा) बरं.

चौथ्या रांगेतून पेटी शिकवणाऱ्या बाईंचा हात केव्हाचा वर आहे. त्या विचारताहेत, पेटीचे सूर कारागीर लावून देतो, मग आमचे विद्यार्थी अशिक्षितच का? बाई, रागावू नका. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली, तुमची आमच्यासारख्यांशी भांडायची सवय तेव्हापासूनची आहे. (हशा) त्याच ठरलेल्या सुरांतून पंडित आप्पा जळगावकरांनी, पंडित तुळशीदास बोरकरांनी काय काढलं, ते मी ऐकलेलं आहे. माझा हट्ट पेटीपुरता थोडा नरम आहे. धुळीच्या वादळानंतर एखादा सूर अडकला आणि तुमच्या विद्यार्थिनीनं स्वतः झाकण उघडून तो मोकळा केला, तर माझ्या लेखी ती पास.

पालकांचं म्हणणं वेगळं. एका बाबांनी मला हिशेब दाखवला होता. इतके तास, इतके डॉलर, आणि तबल्यावर वाजवायला कायदा एकही नाही. आज ते इथंच बसलेत, चेहऱ्यावरून वसुली अजून बाकी दिसते. (हशा) त्यांचं चुकलं नव्हतं. त्या हिशेबानं मी घाबरलो, हे आज कबूल करतो. त्यानंतर कितीतरी वर्षं मुलं यायच्या आधी पंधरा मिनिटं मीच सगळे तबले लावून ठेवायचो. अर्ध्या तासाचा तास, त्यात ठोकाठोक कशाला? कायदे भराभर झाले, परीक्षा पास झाल्या, पालक खूश. आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याला तबला लावता येत नव्हता.

डोळे उघडले ते झूममुळे. माझ्याकडची एक मुलगी पुण्यातल्या गुरूंकडे ऑनलाइन शिकायला लागली. आपलं घड्याळ त्यांच्या साडेबारा तास मागं, आणि ॲरिझोना घड्याळ हलवत नाही म्हणून बारा महिने तेवढंच. मी तिच्या आईला सांगितलं होतं, पडद्यावर तबला शिकणं म्हणजे फोटोतला लाडू खाणं. झूम तंबोऱ्याचा नाद पंख्याची घरघर समजून गाळून टाकतं, तिथं काय शिकणार? सहा महिन्यांनी ती मुलगी गणपतीत वाजवायला बसली. सवयीनं मी हातोडी घ्यायला हात पुढं केला. तिनं दिली नाही. म्हणाली, "मी लावते, काका." आणि लावला. समोरासमोरची घरं तपासत, कान खाली नेऊन. पुण्याच्या गुरूंचा हात इथवर पोचत नव्हता, म्हणून तिला शिकावं लागलं. माझा हात पोचत होता, हीच अडचण होती.

दोन मिनिटं. सुझुकी! शिनिची सुझुकींचा साधा मुद्दा होता, की जपानी मूल जपानी बोलतं तसं कानानं व्हायोलिन शिकेल, घरी आई-बाप सोबत बसले तर. खरं तर हा माझ्या विरुद्धचा साक्षीदार, कारण त्यांच्या चिमुकल्यांची व्हायोलिनं मोठी माणसंच लावून देतात. पण ती मोठी माणसं तासाला शेजारी बसतात. आपण बाहेर गाडीत, एसी लावून. आणि आईबापांचं ऐकून मूल आपोआप भाषा शिकतं, हे चँडलरच्या मराठी शाळेतल्या बाईंना सांगून बघा. (हशा)

लाल दिवा लागला. एकच विनंती करतो. यानंतर मुलांची मैफल आहे. तबले मी लावलेले नाहीत, हातोडी मुलांकडे आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं तुम्हाला ठकठक ऐकावी लागेल. कंटाळून टाळ्या वाजवू नका, त्यांना घरं ऐकू येणार नाहीत. आणि मधेच त्यांनी माझ्याकडे बघितलं, तर मी तेव्हा बाहेर चहा घेत असेन.