डाव्या हाताने दिलेला पत्ता

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपल्याकडे म्हणतात, तेव्हा सारं काही क्षणांत घडलेलं असतं. १८८४ साली लंडनच्या एका रुग्णालयात आलेल्या २५ वर्षांच्या स्कॉटिश शेतकऱ्याचं दुखणं मात्र अंगात सावकाश पसरत गेलं होतं.

आधी चेहऱ्याची आणि जिभेची डावी बाजू आपोआप फडफडू लागली. मग झटके सुरू झाले. पुढे डाव्या हाताची बोटं ऐकेनात, हात लुळा पडत गेला, नंतर डावा पायही अधू झाला. जोडीला भयंकर डोकेदुखी, उलट्या आणि मंदावणारी नजर.

एक्स-रेचा शोध लागायला अजून अकरा वर्षं होती.

तरीही डॉ. अलेक्झांडर ह्यूज बेनेट यांनी मेंदूतल्या गाठीची जागा ओळखली, ती या क्रमावरून. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. डेव्हिड फेरियर यांनी माकडांवर प्रयोग करून मेंदूचा कोणता भाग कोणता अवयव हलवतो, याचा नकाशा मांडला होता. या नकाशात चेहरा खाली, त्याच्या वर हात, आणि पार माथ्याशी पाय. शेतकऱ्याचं दुखणं याच वाटेने चढत गेलं होतं.

२५ नोव्हेंबरला बेनेट यांनी सांगितलेल्या जागी शल्यविशारद रिकमन गॉडली यांनी कवटी उघडली. वरून मेंदूत काही दिसेना. थोडं आत जाताच अक्रोडाएवढी गाठ हाती आली! झटके थांबले, डोकेदुखीही गेली. पण जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि साधारण चार आठवड्यांनी तो तरुण दगावला. ही हळहळ आजही वाटते. पत्ता मात्र अचूक होता.

आता एमआरआय आहे, तरी ‘आधी काय झालं?’ हा प्रश्न डॉक्टर विचारतातच. हातापायांना मुंग्या आल्या की घरोघरी साखरेला नाहीतर बी-१२ला दोष देतात. पण मधुमेहातला बधिरपणा बहुधा दोन्ही पावलांतून, मोजे चढवल्यासारखा वर येतो. एकाच बाजूचा गाल, हात, पाय क्रमाक्रमाने बधिर होत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आणि असं एकाएकी झालं, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायला हवं. दाखवायला जाताना कोणत्या तारखेला काय जाणवलं, ते कागदावर लिहून न्यावं.