खालचा सूर धरणाऱ्या



आत्ता जे वाजलं ते ऐकून तुमच्यातली कुणीतरी म्हणालीच असेल, "आज ताईने हे काय लावलंय?" सांगते.

हे संगीत इटली देशातल्या व्हेनिस शहरातलं, तीनशे वर्षांपूर्वीचं. रचणारे आंतोनिओ विवाल्डी. त्यांच्या 12 सोनाटांचा संग्रह 1705 साली छापला गेला. त्यातली ही शेवटची, नाव 'ला फोलिया'.

अशा रचनेत तीन ओळी असतात. वरच्या दोन ओळी दोन व्हायोलिनच्या. एकीने विचारावं, दुसरीने उत्तर द्यावं, तशा त्या बोलतात. कधी भांडतात, कधी गळ्यात गळा घालतात. आपलं लक्ष त्यांच्याकडेच जातं.

तिसरी ओळ खालच्या सुराची. तिला 'कंटिन्यूओ' म्हणतात, म्हणजे न थांबता चालणारी. ही एक ओळ बहुतेक वेळा दोघं मिळून वाजवतात. चेलो हे मोठं, जाड आवाजाचं तंतुवाद्य आणि हार्पसिकॉर्ड, म्हणजे पेटीसारख्या पट्ट्या पण आत तारा असलेलं वाद्य. गंमत अशी, की हार्पसिकॉर्डवालीला कागदावर सगळं लिहून मिळत नाही. खालचा सूर असतो आणि त्याच्याजवळ 6, 7 असे आकडे. बाकीचे सूर तिने अंदाजाने, समोरच्याकडे कान ठेवून भरायचे.

'ला फोलिया'त खालची तीच चाल फिरून फिरून येते आणि तिच्यावर व्हायोलिनं 19 वेळा नवं काही रचतात. जात्याची घरघर चालू असते, म्हणून ओवी वर फिरते ना, तसंच.

विवाल्डी 1703 पासून व्हेनिसच्या 'पिएता' नावाच्या अनाथालयात व्हायोलिन शिकवत. टाकून दिलेली बाळं तिथे वाढत. त्यातल्या हुशार मुलींना संगीत शिकवलं जाई. व्हायोलिनपासून खालच्या सुरापर्यंत सगळी वाद्यं मुलीच वाजवत, तीही जाळीआड बसून. लोक लांबून ऐकायला येत. त्या मुलींना आडनाव नव्हतं. वाद्यावरून ओळख होती. एकीचं नाव 'आना मारिया, व्हायोलिनवाली'. आणि थोरल्या मुली धाकट्यांना शिकवत, म्हणून एक थकली तरी वादन थांबत नसे.

हे वाचलं आणि मला आमचाच एक गट आठवला. हिशेब लिहिणारी ताई बाळंतपणाला माहेरी गेली. दोन महिने वही उघडली नाही. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, कुणाला सांगता येईना. बैठकीत वाद झाले, दोघी उठून गेल्या. ती ताई बैठकीत कधी फार बोलत नसे. पण गट उभा होता तो तिच्या वहीवर, आणि तिच्या हाताखाली आम्ही कुणालाच तयार केलं नव्हतं. चूक तिची नव्हती, आमची होती.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत दोन कामं करा. आपल्या गटात खालचा सूर कोण धरतं ते ओळखा आणि इतिवृत्तात तिचं नाव लिहा. मग तिच्या शेजारी एकीला बसवा, वही शिकायला.

आता तीच सोनाटा पुन्हा लावते. या वेळी व्हायोलिन सोडा, खालचा सूर ऐका.